सर्व्हरसाठी अँटिव्हायरस घेताना नावापलीकडे काय बघावं

नागपुरात सर्व्हर म्हटलं की काचेआडची थंडगार खोली डोळ्यांसमोर आणू नका. गांधीबागेतल्या ठोक कापड व्यापाऱ्याकडे तो गल्ल्यामागे, गणपतीच्या फोटोखाली ठेवलेला एक टॉवर असतो. धंतोलीतल्या वीस-पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात तो रिसेप्शनच्या टेबलाखाली असतो आणि फरशी पुसताना त्याची वायर कधीमधी निघते. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कारखाना जरा मोठा असेल तर रॅक, यूपीएस, एसी असं सगळं असतं, फक्त त्या खोलीची किल्ली अकाउंट्सच्या माणसाकडे असते. मिहानमधल्या आयटी कंपन्यांकडे या कामाला स्वतंत्र टीम असते. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. ‘‘भाऊ, सर्व्हरवर कोणता अँटिव्हायरस टाकू?’’ कॉम्प्युटरवाला एक नाव सांगतो, बहुतेक वेळा ज्या कंपनीच्या लायसन्स-की त्याच्याकडे पडून आहेत तिचंच. ‘‘हा टाका, यात सगळंच येते.’’ पैसे दिले जातात, घड्याळाशेजारी एक रंगीत चिन्ह दिसू लागतं आणि विषय तीन वर्षांसाठी संपतो.

खरं तर नाव हा या प्रश्नातला सगळ्यांत सोपा भाग आहे. बाजारातल्या नामांकित उत्पादनांपैकी कोणतंही घेतलं तरी ओळखीचा व्हायरस ते पकडतंच. फरक पडतो तो पुढच्या गोष्टींनी. तुमच्या धंद्याच्या सॉफ्टवेअरशी त्याचं जमतं का? त्याला बंद कोण करू शकतं? आणि त्याने धोक्याची सूचना दिली तर ती वाचतं कोण? कोटेशनमध्ये यातल्या एकाचंही उत्तर नसतं.

सर्व्हरचं दुखणं वेगळं

आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसमोर माणूस बसलेला असतो. अँटिव्हायरसने लाल खिडकी दाखवली की तो निदान घाबरून कोणाला तरी फोन करतो. सर्व्हरसमोर कोणीच नसतं. बऱ्याच ठिकाणी त्याला मॉनिटरही जोडलेला नसतो. लाल खिडकी येते, तिथेच राहते, आणि महिन्याभराने कोणीतरी काही वेगळ्याच कामासाठी स्क्रीन लावली की दिसते.

दुसरं, सर्व्हरवरच्या फाइल सतत उघड्या असतात. टॅलीचा डेटा, हॉस्पिटलच्या बिलिंगचा डेटाबेस, कारखान्याचा ईआरपी, म्हणजे खरेदी-साठा-हिशोबाचं एकत्र सॉफ्टवेअर. दहा-पंधरा जण एकाच वेळी त्यावर लिहीत असतात. अँटिव्हायरसचं कामच मुळी फाइल उघडली की मध्ये पडून तपासण्याचं. घरच्या लॅपटॉपवर हे मध्ये पडणं जाणवत नाही, सर्व्हरवर मात्र व्हाउचर सेव्ह व्हायला लागणारा वेळ लगेच वाढतो.

घरगुती पॅक विंडोज सर्व्हरवर बहुधा बसतच नाही. ही ऑपरेटिंग सिस्टिम चालत नाही असा निरोप देऊन इन्स्टॉलेशन थांबतं. पण आपल्याकडे ‘सर्व्हर’ म्हणून चालणारी कितीतरी मशिनं प्रत्यक्षात विंडोज १० किंवा ११ ची असतात, त्यामुळे तिथे घरगुती पॅक आनंदाने बसतो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. साध्या विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दुरून मशिन वापरण्याच्या सोयीवर, एका वेळी एकच माणूस बसू शकतो. मग चार जणांना बसवण्यासाठी एक जुगाडू प्रोग्रॅम टाकला जातो. अनेक अँटिव्हायरस त्या प्रोग्रॅमला धोकादायक म्हणून पकडतात आणि काढून टाकतात. दुकानाचं काम थांबतं. कॉम्प्युटरवाला येतो आणि अँटिव्हायरसला सांगतो, याला सोड. काही ठिकाणी याच्याही पुढे जाऊन क्रॅक केलेलं अकाउंटिंग सॉफ्टवेअर असतं, आणि त्याचं अख्खं फोल्डर तपासणीतून वगळलेलं असतं. अशा मशिनवर जगातला सर्वांत महाग अँटिव्हायरस टाकला तरी उपयोग नाही, कारण त्याला जिथे बघायला हवं नेमकं तिथे डोळे मिटायला सांगितलेलं आहे. पैसे खर्चच करायचे असतील तर आधी अधिकृत विंडोज सर्व्हर, त्याची युजर-लायसन्स आणि अधिकृत सॉफ्टवेअर यांवर करा. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, मला माहीत आहे.

तो पकडतो कसा

जुनी पद्धत म्हणजे खुणांची यादी. एखादा व्हायरस सापडला की त्याच्या फाइलमधला ठरावीक नमुना कंपनी आपल्या यादीत टाकते, ती यादी अपडेटमधून तुमच्याकडे येते आणि प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहिली जाते. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग इथली एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा सांगते की तिच्याकडे रोज साडेचार लाखांहून जास्त नव्या घातक आणि नको असलेल्या प्रोग्रॅमची नोंद होते. ही संख्या ऐकली की नुसत्या यादीवर का भागत नाही ते कळतं. त्यातले बरेचसे जुन्याच व्हायरसचे किरकोळ बदललेले अवतार असतात, पण तेवढ्या बदलाने खूण जुळत नाही.

म्हणून दुसरी पद्धत आली, वागणुकीवरून ओळखण्याची. गांधीबागेतल्या दुकानात एखादा माणूस आला आणि भाव न विचारता, कापडाला हातही न लावता, एकापाठोपाठ एक ताके नुसते उलगडत सुटला, तर त्याचा फोटो पोलिसांकडे आहे की नाही याची वाट दुकानातला पोऱ्याही बघत नाही. रॅन्समवेअरचं, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचं, असंच असतं. तो मिनिटाला शेकडो फाइल उघडतो, कुलूपबंद करून पुन्हा लिहितो, त्यांची नावं बदलतो, आणि त्याआधी विंडोजने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती पुसून टाकतो. हा क्रम दिसला की चांगला अँटिव्हायरस तो प्रोग्रॅम थांबवतो, आणि काही उत्पादनं बदललेल्या फाइल मूळ रूपात परतही आणतात. सर्व्हरसाठी घेताना ही सोय तुमच्या पॅकमध्ये आहे का हे नाव घेऊन विचारा. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग पॅकमध्ये फरक बहुधा इथेच असतो.

तिसरा प्रकार सध्या कोटेशनांत सर्रास दिसतो, त्याचं नाव ईडीआर. तो फक्त थांबवत नाही, मशिनवर काय काय घडलं याची नोंद ठेवतो. कोण लॉगिन झालं, कोणत्या प्रोग्रॅमने कोणता प्रोग्रॅम चालू केला, बाहेर कुठे जोडणी झाली. वस्तू उत्तम आहे. पण नोंद वाचायला माणूस लागतो. माणूस नसेल तर ईडीआर म्हणजे कोणीही न वाचलेली डायरी. म्हणून लहान धंद्याने ईडीआर घ्यायचाच असेल तर त्यासोबत चोवीस तास लक्ष ठेवणारी सेवाही घ्यावी. तिला एमडीआर म्हणतात. ती परवडत नसेल तर ते पैसे बॅकअपवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वगळलेली फोल्डरं

हा भाग थोडा सविस्तर, कारण सर्व्हरवरची निम्मी भांडणं इथली असतात.

डेटाबेसच्या फाइलवर अँटिव्हायरसने हात ठेवला की दोन गोष्टी होऊ शकतात. काम मंदावतं, हे तर झालंच. दुसरं म्हणजे सर्व्हर चालू होताना डेटाबेसआधी अँटिव्हायरसने ती फाइल उघडली तर डेटाबेस म्हणतो, मला माझीच फाइल मिळत नाही, आणि उघडायला नकार देतो. म्हणून मायक्रोसॉफ्ट स्वतःच आपल्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेससाठी कोणत्या फाइल तपासणीतून वगळाव्यात याची यादी देतं. त्यात मुख्य डेटाची एमडीएफ फाइल, व्यवहारांच्या नोंदीची एलडीएफ फाइल, बॅकअपच्या फाइल वगैरे येतात. एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या हायपर-व्हीच्या डिस्क-फाइलचंही तसंच. या वगळण्याला सेटिंगमध्ये एक्सक्लूजन म्हणतात.

वगळणं गरजेचं आहे आणि ते धोक्याचंही आहे. २ जुलै २०२१ ला कसेया नावाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर पसरला. दुरून अनेक ग्राहकांचे कॉम्प्युटर सांभाळण्यासाठी सेवा देणाऱ्या कंपन्या ते सॉफ्टवेअर वापरायच्या. त्या एका दिवसात जगभरातल्या हजार-दीड हजार धंद्यांच्या फाइल कुलूपबंद झाल्या. स्वीडनमधल्या कूप या किराणा साखळीची सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरचं बिलिंग चालेना. यातली बोचणारी गोष्ट अशी की ते सॉफ्टवेअर नीट चालावं म्हणून त्याचं कामाचं फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळा, असं कसेयानेच ग्राहकांना सांगितलेलं होतं. हल्लेखोरांनी आपली फाइल त्याच फोल्डरमध्ये उतरवली.

तेव्हा नियम साधा ठेवा. जेवढं लागतं तेवढंच वगळा. डेटाचं फोल्डर वगळायचं, प्रोग्रॅमचं नाही. अख्खी डी ड्राइव्ह तर कधीच नाही, आणि हे मी लिहितो कारण अख्खी डी ड्राइव्ह वगळलेले सर्व्हर आपल्या गावात भरपूर आहेत. टॅली हळू चालते अशी तक्रार आली की सर्वांत झटपट उपाय तोच असतो. शिवाय जे फोल्डर वगळलं आहे ते सगळ्यांना लिहिण्यासाठी खुलं शेअर केलेलं नाही ना, हेही बघा. खुलं असेल तर ऑफिसातल्या कोणत्याही एका कॉम्प्युटरवरून काहीही तिथे येऊन बसू शकतं आणि त्याला कोणी हटकणार नाही. वगळलेल्या गोष्टींची यादी कागदावर काढून घ्या आणि प्रत्येकीसमोर कारण लिहायला सांगा. ज्या ओळीचं कारण कोणाला आठवत नाही ती काढून टाका.

पूर्ण स्कॅनच्या वेळेचंही असंच एक स्थानिक गणित आहे. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की पूर्ण स्कॅन रात्री दोनला लावा. इतवारीत रात्री साडेनऊला शटर पडतं आणि मेन स्विच खाली येतो, सर्व्हरसकट. मग रात्री दोनचा स्कॅन एकतर कधीच होत नाही, नाहीतर ‘चुकलेलं काम’ म्हणून दुसऱ्या दिवशी सर्व्हर चालू झाल्याबरोबर सुरू होतो, नेमक्या ग्राहकीच्या वेळी. अशा ठिकाणी रविवारी दुपारी दोन तास सर्व्हर मुद्दाम चालू ठेवून स्कॅन करणं बरं. आणि मे महिन्यात, बाहेर पारा ४५ च्या वर असताना, बंद केबिनमधल्या मशिनवर पूर्ण स्कॅन लावला तर प्रोसेसर तापून सर्व्हर स्वतःहून बंद पडू शकतो. त्यावर डेझर्ट कूलरचा झोत सोडणं हा उपाय नाही. ती ओली हवा बोर्डावर गंज चढवते.

त्याला बंद कोण करू शकतं

सर्व्हरवरचे हल्ले आता ईमेलमधल्या एखाद्या फाइलवर क्लिक केलं आणि झालं, एवढ्यावर थांबत नाहीत. लहान धंद्यांच्या बाबतीत नेहमीचा रस्ता रिमोट डेस्कटॉपचा आहे. मालकाला घरून हिशोब बघायचा असतो, रामदासपेठेतल्या सीएंना जीएसटीच्या वेळी आत यायचं असतं, म्हणून राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, उघडला जातो. इंटरनेटवर असे उघडे दरवाजे शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात. सापडला की नाव आणि पासवर्डच्या जोड्या लावून बघतात. पासवर्ड दुकानाच्या नावापुढे १२३ असा असेल तर फार वेळ लागत नाही. पोर्टचा नंबर बदलला तर थोडा उशीर होतो, एवढंच.

एकदा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे मशिनवरचे सगळे अधिकार हातात घेऊन, आत आला की चोर घाई करत नाही. आधी बॅकअप शोधून पुसतो. मग अँटिव्हायरस बंद करतो किंवा काढून टाकतो. त्यानंतर शनिवारी रात्री किंवा दिवाळीच्या सुट्टीत रॅन्समवेअर चालवतो. म्हणजे अँटिव्हायरस कितीही हुशार असला तरी सामना सुरू होण्याआधीच त्याला मैदानाबाहेर काढलेलं असतं.

म्हणून निवडताना माझा पहिला प्रश्न पकडण्याच्या टक्क्यांबद्दल नसतो. मी विचारतो, विंडोजचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड ज्याच्या हाती आहे त्याला हा अँटिव्हायरस काढता येतो का? चांगल्या बिझनेस पॅकमध्ये काढण्यासाठी, बंद करण्यासाठी आणि सेटिंग बदलण्यासाठी वेगळा पासवर्ड असतो, किंवा हे सगळं फक्त दूरच्या कन्सोलवरून, म्हणजे सगळ्या मशिनांचा अँटिव्हायरस एका जागेवरून सांभाळणाऱ्या पानावरूनच, करता येतं. या सोयीला टॅम्पर प्रोटेक्शन म्हणतात. ती बहुधा असते, फक्त चालू केलेली नसते. अट्टल टोळ्या दोष असलेला जुना ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा छोटा प्रोग्रॅम, सोबत आणून त्याच्या आधारे अँटिव्हायरसचा गळा आवळतात, तेव्हा ही सोय अभेद्य आहे असं नाही. पण आपल्या दारात येणारे सगळेच तेवढे अट्टल नसतात.

कन्सोलचीही एक गंमत आहे. बऱ्याचदा तो कन्सोल कॉम्प्युटरवाल्याच्या नावावर असतो. त्याच्या एका लॉगिनखाली त्याचे सगळे ग्राहक. ते लॉगिन चोरीला गेलं तर एकाच वेळी सगळ्यांचा अँटिव्हायरस बंद होतो. त्यामुळे कन्सोलवर मोबाइलच्या ओटीपीसारखी दुसरी पायरी लावलेली आहे का हे विचारा, आणि मालक म्हणून एक स्वतंत्र लॉगिन तुमच्याकडे ठेवा. एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचं, भांडण झालं की तो पासवर्ड कोणाकडे आहे हे तेव्हा शोधत बसण्यात अर्थ नाही.

दरवाजाचा उपाय अँटिव्हायरसच्या बाहेरचा आहे. पोर्ट बंद करा, बाहेरून यायचं असेल त्यांना व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच पण बंदिस्त खासगी वाट, द्या, तीन-चार चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही वेळ बंद राहील असं सेटिंग करा. रोजच्या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं वापरू नका. २७ जून २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात हे जगाने पाहिलं. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला, आणि मग मशिनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलून शेजारच्या मशिनवर गेला, पॅच केलेल्या, म्हणजे विंडोजमधली भोकं बुजवणारे अपडेट घातलेल्या, मशिनवरसुद्धा. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम ठप्प झालं आणि जेएनपीटी बंदरातलं त्या समूहाचं कंटेनर टर्मिनलही त्यात अडकलं. विदर्भातून निर्यात होणारा बराच माल याच बंदरातून जातो.

विंडोजमध्येच आहे ते पुरत नाही का

विंडोज सर्व्हर २०१६ पासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर सोबतच येतो. फुकट आहे म्हणून तो कमी प्रतीचा असं समजण्याचं कारण नाही. विंडोजच्या स्वतःच्या कामांसाठी, म्हणजे हायपर-व्ही, डीएनएस, फाइल सर्व्हर यांसाठी, लागणारी वगळणी तो आपोआप लावतो. एसक्यूएल सर्व्हर आणि टॅली त्या आपोआपच्या यादीत नाहीत, ती तुम्हालाच लावावी लागतात.

एकच सर्व्हर, त्यावर वेळच्या वेळी पॅच, बाहेरून दरवाजा बंद, बॅकअप वेगळा, अशी शिस्त असेल तर मी त्या दुकानदाराला डिफेंडर ठेवा आणि पैसे वाचवा असंच सांगेन. विकत घेतलेल्या उत्पादनातून खरं मिळतं ते एका ठिकाणाहून सगळी मशिनं बघण्याची सोय, फोनवर सूचना, आणि अडचण आली की ज्याला बोलावता येईल असा माणूस. मशिनं दहा-बाराच्या वर गेली की ते लागतंच.

एक तांत्रिक खोडी मात्र लक्षात ठेवा. विंडोज १० किंवा ११ वर दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. सर्व्हरवर तसं होत नाही. तिथे तो हाताने बंद करावा किंवा काढावा लागतो. नाहीतर दोघं एकाच फाइलवर झडप घालत राहतात आणि दोष जातो नव्या अँटिव्हायरसच्या माथी.

जुना विंडोज

विंडोज सर्व्हर २००८ आर-२ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला, तर २०१२ आर-२ ला १० ऑक्टोबर २०२३ ला नेहमीचा पाठिंबा थांबवला. त्यानंतरचे पॅच फक्त जादा पैसे मोजणाऱ्यांना, तेही मर्यादित काळ. काही अँटिव्हायरस कंपन्या या जुन्या आवृत्त्यांवर अजूनही आपलं उत्पादन चालवून देतात, आणि मग मालकाला वाटतं, चालतंय ना. भिंतीला पडलेलं भोक अँटिव्हायरस बुजवत नाही. वॉनाक्रायचं उदाहरण घ्या. तो १२ मे २०१७ ला पसरला आणि दीडशेच्या आसपास देशांत पोहोचला. ज्या भोकातून तो शिरत होता त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळजवळ दोन महिने आधी.

नावांबद्दल थोडंसं

पुण्याच्या क्विक हीलचं सेक्राइट, चेन्नईचं के-७, रुमानियाचं बिटडिफेंडर, स्लोव्हाकियाचं ईसेट, ब्रिटनचं सोफोस, जपानचं ट्रेंड मायक्रो ही नावं आपल्याकडे सहज मिळतात. एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था नियमित चाचण्या घेतात, त्यांचे निकाल फुकट बघता येतात. पकडण्याच्या रकान्यात वरच्या रांगेतल्यांमध्ये फार तर टक्क्याच्या काही अंशांचा फरक दिसेल. त्यापेक्षा चांगल्या फाइलला चुकून वाईट ठरवण्याचा रकाना बघा. सर्व्हरवर ती चूक महागात पडते. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून उचलली आणि जगभर मशिनं बंद-चालू होत राहिली.

देश बघावा का? कोणाचं काम करता यावर आहे. अमेरिकन ग्राहकाचं काम असेल तर करार वाचा. अमेरिकेने जून २०२४ मध्ये रशियाच्या कॅस्परस्कीवर आपल्याकडे विक्रीबंदी जाहीर केली. कळमन्यातल्या अडत्याला त्याने फरक पडत नाही. त्याच्यासाठी नागपुरात फोन उचलणारा माणूस कोणत्या कंपनीकडे आहे, हा निकष जास्त कामाचा.

लायसन्स मोजताना सर्व्हरचं वेगळं आणि साध्या मशिनचं वेगळं आहे का ते बघा. एका यंत्रावर तीन आभासी सर्व्हर असतील तर बहुधा तिन्हींचं लागतं. लिनक्सवर फाइल सर्व्हर असेल तर ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ या समजुतीवर राहू नका, त्यावर ठेवलेल्या फाइल विंडोजवालेच उघडतात. फुकटचा क्लॅमएव्ही तिथे चालतो, पण फाइल उघडताच तपासणं त्यात वेगळं चालू करावं लागतं.

पहारेकऱ्यालाच चक्कर आली तर

अँटिव्हायरस विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो, म्हणून तो चुकला तर मशिनच उठत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने हेच झालं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या स्क्रीनवर अडकली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती सोपी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. अडचण एवढीच की बहुसंख्य ठिकाणी प्रत्येक मशिनपाशी माणूस जावा लागला, आणि डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची लांबलचक की हाताशी लागली. ती की कुठे होती? बऱ्याच ठिकाणी, बंद पडलेल्या सर्व्हरवरच.

यावरून अँटिव्हायरस नको असा निष्कर्ष काढू नका. अपडेट आधी एका साध्या मशिनवर आणि काही तासांनी सर्व्हरवर, असं लावता येतं का ते विचारा. बिटलॉकरची की छापून तिजोरीत ठेवा. सर्व्हर दूरच्या गोदामात असेल तर तिथे स्क्रीन आणि कीबोर्ड असू द्या.

नोंदी, कायदा आणि बॅकअप

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं आणि सिस्टिमच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. आता तुमच्या कन्सोलमध्ये नोंदी किती दिवस राहतात ते बघा. काही पॅकमध्ये ही मुदत ३० दिवसांची असते आणि पुढची मुदत पैसे देऊन मिळते. हॉस्पिटल, शाळा, पतसंस्था यांच्याकडे लोकांची वैयक्तिक माहिती असते, त्यांच्यासाठी २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदाही आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

बॅकअपबद्दल एकच उदाहरण पुरे. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, आणि पुढचे अनेक दिवस ओपीडीची नोंदणी कागदावर चालली. डेटा परत आला तो हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. तुमच्याकडे बॅकअपची डिस्क सर्व्हरलाच कायमची जोडलेली असेल तर तीही सर्व्हरसोबत जाते. आठवड्यातून एकदा जोडून, प्रत घेऊन, काढून घरी नेली जाणारी साधी बाहेरची डिस्क त्यापेक्षा बरी. आणि महिन्यातून एकदा त्यावरून डेटा खरोखर उघडून बघा.

डेमो घेताना

आता कोटेशन घेऊन आलेल्या माणसाला बसवा, चहा सांगा आणि म्हणा की महिनाभराची चाचणी-की द्या. ती सगळे देतात. आधी काहीच न बसवता महिनाअखेरीचा सर्वांत जड रिपोर्ट काढायला किती वेळ लागतो ते मोजून ठेवा. मग बसवून तोच रिपोर्ट पुन्हा काढा.

त्यानंतर आयकार नावाची चाचणी-फाइल मागा. ६८ अक्षरांची ही निरुपद्रवी फाइल आहे. ती खरा व्हायरस नाही, पण जवळजवळ सगळे अँटिव्हायरस तिला ठरवून व्हायरस म्हणून पकडतात, नेमक्या अशाच चाचणीसाठी. ही फाइल ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये टाकायला लावा. त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस तेवढ्यापुरता थांबवावा लागेल, नाहीतर फाइल तिथेच अडेल. मग वगळलेल्या फोल्डरमध्येही टाकून बघा, म्हणजे भोक केवढं आहे ते डोळ्यांनी दिसेल.

विंडोजच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लॉगिनने अँटिव्हायरस काढायचा प्रयत्न त्याच्यासमोरच करा. निघाला तर तिथेच थांबा.

हीच चाचणी एका रविवारी दुपारी, कोणालाही न सांगता पुन्हा करा. सूचना कोणाच्या फोनवर आली, किती वेळाने आली आणि कोणी तुम्हाला उलट फोन करून विचारलं का, हे लिहून ठेवा. कोटेशनवर सही त्यानंतर.